भिंगारदिवे बाई आणि एकशे सात शब्द

भिंगारदिवे बाईंनी मला पहिल्यांदा हटकलं ते सावेडीतल्या एका वाचनालयात, रविवारी दुपारी. मी तेव्हा मीठ विकणाऱ्या एका टोळीची मुखिया होते आणि छातीवर हात ठेवून त्यांच्या भाषेत भाषण करत होते.

वाचकांनी दचकू नये. एरवी मी जिल्हा न्यायालयात लघुलेखिका आहे आणि माझ्या डोक्यात काही बिघाड नाही. आम्ही सहा जण दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक खेळ खेळतो. टेबलावर हाताने काढलेला नकाशा असतो आणि वीस पैलूंचा फासा असतो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. पात्राने नदी ओलांडायची म्हटली तर ती ओलांडता येते की नाही, हे फासा ठरवतो. सूत्रधार मी आहे. गौरव समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला फोन करून विचारलं की बाईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात खेळावर लेख कशाला. मी त्यांना म्हटलं, आधी वाचा तर खरं.

तर त्या दुपारी शेजारच्या टेबलावर एक बाई वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. पांढरी सुती साडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन्सिल. पेन्सिल कशाला, ते नंतर कळलं. त्या वर्तमानपत्रातल्या चुकांवर खुणा करत होत्या, आणि अजूनही करतात. लग्नपत्रिकासुद्धा त्यांच्या हातून सुटत नाही. माझं भाषण संपल्यावर त्या उठून आमच्यापाशी आल्या आणि हे मीठवाले पाण्याला काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत "णीपा" म्हणून सांगितलं. मी मराठी शब्द उलटे करून सगळी भाषा एका संध्याकाळी उरकली होती.

बाई म्हणाल्या, "हे आपलंच पाणी आहे, डोक्यावर उभं केलेलं. तुझे लोक पाणी आणतात कुठून?"

मला ते माहीत नव्हतं. ते काय खातात, मेलेल्या माणसाचं काय करतात, पाहुणा आला तर आधी काय विचारतात, यातलं काहीच मला सांगता येईना. मी ओशाळले. पुढच्या रविवारी बाई आपली फुलस्केप वही घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या कोण, हे आम्हांला तेव्हा समजलं. नगरच्या दोन पिढ्यांना मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि वर्षभरापूर्वी पती, भिंगारदिवे सर, गेल्यापासून घरी एकट्या.

तेव्हापासून आमच्या खेळातल्या सगळ्या भाषा बाईंनी घडवल्या. किल्ल्यातल्या कारकुनांची भाषा त्यांनी अशी केली की तिच्यात "उद्या या" म्हणायचे अकरा प्रकार आहेत आणि "आज" हा शब्दच नाही. आयुष्यभर कोर्टात बसलेली मी त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण बाईंचा जीव होता तो मीठवाल्यांच्या भाषेत. तिचं नाव तोरेवी. तोरेव लोकांच्या मुलखात झाड नाही, म्हणून सावलीला त्यांचा शब्द आहे तो उभ्या बैलाच्या पोटाखालच्या जागेचा. कुणाला मानाने बसवायचं झालं तर ते त्या जागेवर बसवतात. बाईंनी हे सांगितल्यावर आमच्यातला मकरंद, जो एमआयडीसीत यंत्रांचे आराखडे काढतो आणि सहसा कशाने हलत नाही, तोही काही वेळ फासा हातात धरून बसून राहिला.

बाईंचे दोन नियम होते. ते त्यांनी सांगितले आणि मी लघुलिपीत उतरवून घेतले. पहिला असा, की टेबलावर गरज पडल्याशिवाय शब्द करायचा नाही. घरी बसून हजार शब्द पाडून आणणाऱ्याला त्या खेळात घ्यायच्या नाहीत. दुसरा नियम कडक होता. भाषा टेबलावर राहील ती तिचा जाणकार गोष्टीत जिवंत असेपर्यंतच, आणि जाणकार कोण, तर ज्याची ती मायबोली आहे ते पात्र, किंवा ज्याच्या खेळाडूने ऐकलेले शब्द स्वतःच्या हाताने स्वतःच्या वहीत लिहिले आहेत ते. आम्ही माना डोलावल्या. पाळणं किती जड जाईल, याचा कुणाला अंदाज होता?

शब्द करण्याआधी बाई ऐकायला बाहेर पडत. एकदा त्या मला पाथर्डीच्या आठवडे बाजाराला घेऊन गेल्या. मोल करताना माणसं कुठे थांबतात, तेवढंच ऐक, असं त्यांनी मला बजावलं होतं. परतीच्या एस.टी.त आम्ही दोघी सरावासाठी तोरेवीत बोलत होतो. कंडक्टरने तिकिटं फाडली, पुढे गेला आणि पुन्हा मागे आला.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला, "पर ही कुठली बोली म्हनायची? मी लई मुलूख फिरलोय, ही न्हाई ऐकली."

बाईंनी त्याला नगर येईपर्यंत सगळं समजावून सांगितलं. बबन खेडकर त्याचं नाव. पुढच्या रविवारी सुट्टी काढून तो वाचनालयात हजर. त्याला आम्ही पात्र दिलं ते गोम नावाच्या हमालाचं. आमचा मकरंद खेळात इसोम नावाचा म्हातारा मीठ व्यापारी होता, त्याचं ओझं हा गोम वाहायचा. खरं सांगायचं तर उरलेलं पात्र तेवढंच होतं म्हणून दिलं. खेडकरांनी तक्रार केली नाही. ते कोपऱ्यात बसत, कमी बोलत आणि मधूनमधून खिशातल्या डायरीत काहीतरी टिपत. आम्हांला वाटायचं, ड्युटीच्या वेळा लिहीत असतील.

बाईंच्या मायेबद्दल या ग्रंथात इतर जण लिहितीलच. मला एवढंच सांगायचं आहे, की माझी आई दवाखान्यात होती त्या बावीस दिवसांत बाई रोज दुपारी रिक्षाने येत आणि तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत, चुका दुरुस्त करत करत. आईला शेवटी शेवटी बातम्यांत रस राहिला नव्हता, पण चुका ऐकायला ती थांबायची. मला त्या वेळात कोर्टात जाता यायचं. याबद्दल मी बाईंचे आभार मानायला गेले तर त्यांनी मलाच दटावलं.

आता ती चूक. ती माझी होती आणि मी ती या ग्रंथात नोंदवून ठेवते.

आमचा खेळ पुस्तकरूपाने काढायचं ठरलं होतं. पुण्याच्या एका प्रकाशकांनी होकार दिला होता आणि त्यांना सगळ्यात आवडली होती ती तोरेवी. मला गोष्ट लवकर संपवायची घाई झाली. त्या घाईत मी मागे एका रविवारी, दोन वाक्यांत, तोरेवांची वस्ती साथीच्या रोगात उठवून टाकली होती. सूत्रधाराला असं करता येतं. मी केलं आणि विसरले. पुढे नदीच्या उतारावर चकमक झाली. मकरंदच्या इसोमने वीरश्रीच्या भरात पाण्यात उडी घेतली, फासा पडला आणि त्यावर एक आला. इसोम बुडाला. आम्ही हळहळलो, चहा मागवला.

बाईंनी मात्र चहाला हात लावला नाही. वही उघडून त्या मागची पानं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वैशाली, तोरेवी जाणणारं आता कोण उरलं?"

वस्ती मीच उठवली होती. तोरेवांतला इसोम शेवटचा होता. बाईंचं तेव्हा खेळात पात्र नव्हतं, आणि बाकी आम्ही सगळे बाईंच्या वहीत बघून शब्द वापरत आलो होतो, स्वतःच्या हाताने कुणी काही लिहिलं नव्हतं. मी घाईघाईने म्हटलं की फासा पुन्हा टाकू. मकरंद म्हणाला, वस्तीतली एखादी म्हातारी वाचली होती असं करू. मी प्रकाशकांचा दाखला दिला. शेवटी मी म्हटलं, बाई, खेळच तर आहे.

"खेळ आहे म्हणूनच," बाई म्हणाल्या. "बाहेर नियम कोण पाळतं? इथे तरी पाळू."

त्यांनी वही मिटली, तिला नाडी बांधली आणि रिक्षा बोलवायला सांगितलं. सातशेच्या वर शब्द होते त्या वहीत. मी त्यांना घरी सोडायला गेले तेव्हा वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. सर गेल्यानंतर घरात आवाज नव्हता, या वहीमुळे दोन वर्षं संध्याकाळी मोठ्याने बोलायला काहीतरी असायचं, असं त्या म्हणाल्या. हा नियम मोडला असता तर बाईंचंच सगळ्यांत जास्त राहिलं असतं, आणि तरी त्यांनी तो मोडला नाही. मला त्या रात्री स्वतःची लाज वाटली, आणि बाईंचा इतका अभिमान वाटला की कुणाला सांगावं तेच कळेना.

तीन रविवार खेळ झाला नाही. चौथ्या रविवारी खेडकरांनी सगळ्यांना फोन करून बोलावलं. इसोम बुडाला त्या रविवारपासून त्यांची लांबच्या गाडीवर ड्युटी होती, परतल्यावर त्यांना सगळं कळलं. बाईंना आणायलाही तेच गेले. टेबलापाशी बसून त्यांनी खिशातली डायरी काढली आणि बाईंच्या पुढे ठेवली. इसोमने आणि इतरांनी गोमला जे जे म्हणून फर्मावलं होतं, ते दर रविवारी त्यांनी ऐकून उतरवलं होतं. आम्ही मोजले. एकशे सात शब्द. गोम जिवंत होता. नदीच्या अलीकडे, ओझ्यापाशी उभा होता. त्याच्याकडे आमचं कुणाचं लक्षच नव्हतं.

मी विचारलं, तुम्हांला हे लिहावंसं का वाटलं? खेडकर थोडे संकोचले.

"लहानपन उसाच्या फडावर गेलं," ते म्हणाले. "दर साली आईबापासंगं नवा मुलूख. तिथली मानसं काय बोलत्यात ते ध्यानात ठिवावंच लागतं, न्हाईतर पानी सुदिक मिळत न्हाई. गोमचंबी तसंच आसंल, आसं वाटलं."

त्या शब्दांत पाणी होतं, मीठ होतं, गाठ, बैल, उचल, थांब, अजून नाही, खाऊन घे. राजा नव्हता, कायदा नव्हता, देव नव्हता. हमालाशी कोण देवाबद्दल बोलतं? बैलाच्या पोटाखालच्या जागेचा शब्दही नव्हता, कारण त्या जागेवर गोमला कुणी कधी बसवलंच नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा आम्ही सगळे खाली बघत होतो.

बाईंनी पर्समधून कोरी वही काढली. ती त्यांनी बरोबर का आणली होती, हे मी अजून विचारलेलं नाही. त्यांनी खेडकरांना एकेक शब्द म्हणायला सांगितलं आणि त्या लिहून घेऊ लागल्या. खेडकरांचा उच्चार बाईंच्या मूळ उच्चारासारखा नव्हता, पाथर्डीकडचा होता. ते अडखळले.

"बाई, चुकत आसंल तर सांगा."

"आता तुम्ही म्हणाल ते बरोबर, खेडकर," बाई म्हणाल्या. "तुमच्याखेरीज ती कुणाला येते?"

वर्तमानपत्राला न सोडणारी ती पेन्सिल त्या दुपारी एकदाही दुरुस्तीसाठी उचलली गेली नाही. एकशे सात शब्द बाईंनी विद्यार्थिनीसारखे मान खाली घालून उतरवून घेतले. मी आयुष्यात पुष्कळ जबान्या लिहिल्या आहेत, पुष्कळ मोठी माणसं पाहिली आहेत. स्वतः घडवलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून अशी ऐकून घेणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

जुनी वही पुन्हा उघडली गेली नाही. आजची तोरेवी त्या एकशे सात शब्दांतून वाढली आहे, हमालाच्या बाजूने. तिच्यात मालकाला शब्द नाही, "ज्याचं ओझं मी उचलतो तो" असं म्हणावं लागतं. सावलीसाठी बाईंनी नवा शब्द केला, गोमने पहिल्यांदा कुणाला तरी स्वतःच्या बैलाशेजारी बसवलं त्या दिवशी. पुस्तक वर्षभर उशिरा निघालं. भाषाकार म्हणून पहिल्या पानावर दोन नावं आहेत आणि त्यांतलं खेडकरांचं आधी छापावं, असा बाईंचा हट्ट होता. प्रकाशकांनी फोनवर बरीच हुज्जत घातली. बाईंशी हुज्जत घालून कुणाचं काय भलं झालंय?

बाई आजही दर रविवारी येतात. फासा त्यांना कधीच साथ देत नाही आणि त्याचा दोष त्या नेहमी माझ्या टेबलाच्या उताराला देतात. गुडघे कुरकुरतात, पण वाचनालयाच्या चार पायऱ्या चढताना हात धरलेला त्यांना खपत नाही.

या लेखाचा शेवट तोरेवीतल्या शुभेच्छेने करावा, असं आम्ही सहा जणांनी ठरवलं होतं. शोधलं तर असं दिसलं की दीर्घायुष्य चिंतायला त्या भाषेत शब्दच नाही. गोमला तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं आणि नंतर कधी गरज पडली नव्हती. म्हणून गेल्या रविवारी खेडकरांनी धीर करून विचारलं, की एखाद्याला शंभर वर्षं मिळू देत, हे तोरेवीत कसं म्हणायचं.

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. कुणासाठी हवं आहे, ते त्यांना कळलं होतं. गरज पडल्याशिवाय शब्द करायचा नाही हे विसरलात का, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "मला शंभर पुरी होतील तेव्हा बघू. घाई काय आहे?"

बाईंचा नियम आम्ही एकदा मोडायला निघालो होतो, पुन्हा तो गुन्हा करणार नाही. बाईंची प्रकृती उत्तम राहो, कान असेच तिखट राहोत आणि फासा एखादे वेळी तरी त्यांचं ऐको. नव्या वहीत आम्ही एक ओळ कोरी सोडली आहे. अजून पंचवीस वर्षांनी, रविवारी दुपारी, बाईंनी ती स्वतःच्या हाताने भरायची आहे.