बायकोनं मांडलेली टिंबं

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका गिरणीत कारकून होतो आणि मला शेअरचा नाद होता. मुंबईच्या वर्तमानपत्रातले भाव रोज आलेखाच्या कागदावर टिंबांनी मांडायचे, टिंबं जोडायची, आणि भाव कुठून वळतो ते त्या रेघेत शोधायचं. ऑफिसात हे एकट्या मला जमायचं. त्याचा मला ताठा होता.

एका उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला. तीन आठवडे टिंबं बायकोनं मांडली. ती अक्कलकोटची, सातवीपर्यंत शिकलेली. मी बरा झाल्यावर तिनं कागदावर बोट ठेवलं. "अहो, हा दोनदा हितं येऊन वर गेलाय. परत हितं येऊ द्या, वळू द्या, मग घ्या की."

मी हसलो आणि दुसऱ्याच दिवशी तो शेअर घेतला. महिन्याभरात भाव तिच्या बोटापर्यंत उतरला आणि तिथूनच वर वळला.

हे मी कौतुकानं ऑफिसात सांगितलं, तिथंच चुकलो. शेजारच्या टेबलावरचा मित्र रोज विचारू लागला, "वहिनी काय म्हणतात?" मग तो घरीच यायला लागला. ती भाकरी थापता थापता कागद बघायची आणि कानडीत म्हणायची, "तडीरि." म्हणजे थांबा. तो मुकाट्यानं थांबायचा. मला कुणी काही विचारीना.

मग एका कंपनीबद्दल ती म्हणाली, "आता घ्या." मित्रानं घेतला. मी दलालाच्या दारापर्यंत गेलो, समोर चहा प्यायलो आणि परत आलो. घरी सांगितलं, "घेतला."

भाव चढतच गेला. मित्र पेढे घेऊन आला. "तुझे किती होते रे?"

"मी घेतलेच नाहीत."

तो गेल्यावर तिनं विचारलं, "का?"

"तुझं चुकावं असं वाटत होतं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्या कागदाकडं बघितलं नाही. मी माफी मागितली, मित्रानंही विनवलं. "तुमचा नाद, तुमीच बघा," एवढंच म्हणाली.

सांगायला लाज वाटते, पण मला मनातून हायसं वाटलं.