दिवाणखान्यातला समुद्र

शाहूपुरीत तेव्हा मोजक्याच घरी टीव्ही होता, पण आमच्या शेजारच्या कारखानदाराच्या दिवाणखान्यात समुद्र होता. काचेच्या पेटीत मालवणहून पिंपांतून आणलेलं खारं पाणी, जिवंत पोवळी, रंगीत मासे. मी दिसलो की हाक यायची, "या की लेखक! पंप पाणी कसं फिरवतोय बघा. पोवळ्याला जागचं हलता येत न्हाय. पाणी तुंबलं की जीव गुदमरलाच!" बोलताना त्याचं बोट काचेवर गोल फिरायचं आणि आवाज चक्क हळवा व्हायचा.

एकदा पंपाची मोटर जळाली. त्याने स्वतः जाऊन घरामागच्या आपल्या पितळेच्या ओतशाळेतल्या, धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याची मोटर काढायला लावली. ती घेऊन त्याच्यामागून आलेला म्हातारा ओतारी, रमजानचाचा, खोकत म्हणाला, "मालक, आत धूर कोंडतोय की."

"तुमास्नी पाय हायती न्हवं? या की वाईच बाहेर. ह्या मुक्या जिवांनी कुठं जायाचं?"

माझं डोकं सणकलं. पितळ चोरीला जाईल म्हणून ओतशाळेला कामाच्या वेळात बाहेरून कुलूप असायचं.

"मग कुलूप काढा!" मी ओरडलो.

कमरेची किल्ली सावरत तो पेटीपाशी वाकला, ती मोटर जोडून पंप सुरू केला आणि माशांना म्हणाला, "आता बरं वाटतंय न्हवं, राजा?"