डावीकडचं अंगण

"काकू, डोळे तुमचे ठणठणीत आहेत. मेंदू डावीकडे लक्षच देत नाहीये," सांगलीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला फूल काढायला सांगितलं होतं. मी सगळ्या पाकळ्या उजव्या अंगालाच काढल्या. मला ते फूल अगदी पुरतं वाटत होतं.

मला स्ट्रोक आला होता, म्हणजे मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता. त्यातून हे 'लेफ्ट निग्लेक्ट' झालं. यात डावीकडचं जग नाहीसं होतं, तिकडचं बोलणंही ध्यानात येत नाही, आणि नाहीसं झालंय हेही माणसाला कळत नाही. ताटात अर्धी भाकरी तशीच असायची आणि मी "उपाशी मारताय व्हय मला?" म्हणून ओरडायची.

सगळ्यात जास्त राग होता तो ह्यांचा. बायको खाटेवर आणि माणूस फिरकत नाही! येईल त्या नर्सला मी सांगायची, "पलूसच्या द्राक्षबागेतनं सवड मिळंना त्यास्नी." लेक म्हणायची, "अगं आई, बाबा इथंच आहेत." मला वाटायचं, पोरगी बापाला सांभाळून घेतेय. रात्री उशी ओली व्हायची.

विश्रामबागेतल्या घरी आल्यावरही तेच. घरात ह्यांची चाहूल लागायची, पण माणूस समोर उभा राहीना. मला वाटलं, वाकडं तोंड झालेली बायको नकोशी झाली असेल.

लेक साताऱ्याला चित्रकला शिकवते. तिनं कॅनव्हास आणि तैलरंग आणून मला अंगणात बसवलं. "समोर दिसतंय ते काढ. ह्या रंगांना घाई नसते, चुकलं तर पुसायचं." आधी पातळ रंग, मग जाड, एवढं शिकवून ती गेली. रंगात घालायचं जवसाचं तेल माझ्या हातनं सांडलं, तर मी सरळ स्वयंपाकघरातलं शेंगतेल घातलं. फोनवर लेक किंचाळली, "आई, ते जन्मात वाळायचं नाही!" खरंच वाळलं नाही. वर मुंग्या आल्या. पुसून पुन्हा मांडलं.

नळ, कर्दळ, तुळस. झालं अंगण, म्हटलं.

लेक आली, बघत राहिली. कॅनव्हासचा डावा अर्धा भाग कोरा होता. तिनं त्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. "लाल दिसेपर्यंत मान वळवायची. मग अंगणातही तेवढीच वळवायची."

मानेला रग लागली. दिवस गेले. एकदा पट्टी सापडली. तशीच मान अंगणाकडे ओढत नेली, तर आधी जास्वंद दिसली, मग खुर्ची, आणि खुर्चीत हे. दाढी पांढरी झालेली, किती वाळलेले!

"आवं! तुमी कवा आलासा?"

"रोज हितंच बसतोय की. दवाखान्यात बी हिकडंच व्हतो."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रुग्णाच्या डावीकडूनच बोला, तिला वळू द्या. हे पडले फौजेतले निवृत्त सुभेदार. हुकूम म्हणजे हुकूम! एकदाही उजवीकडे आले नाहीत. माझ्या शिव्या ऐकत तिथंच बसून राहिले. मी रडले, भांडले, पुन्हा रडले.

तुमच्या घरी असा आजार आला तर डावीकडून बोलाच. पण अधूनमधून उजवीकडे येऊन हात धरा हो. रुग्णाला वाटतं, आपल्याला टाकलं.

मग ह्यांना चित्रात बसवलं. हे म्हणाले, "गोणी ठिवल्यागत दिसतंय." दिसू दे.

त्या दिवशी मी विचारलं, "दवाखान्यात एवढं बसलासा, तर माझ्याशी बोलला का न्हाईसा?"

"बोललो की. लय बोललो. जन्मात बोललो न्हवतो एवढं."

"काय?"

सुभेदार कानापर्यंत लाल झाले. "आता परत न्हाई सांगायचा."

म्हणून मी अजून रोज मान डावीकडे वळवून बसते. सांगतील कधीतरी.