बेदाण्याची पाटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. तुम्हाला सांगते. तसं बघायला गेलं तर गोष्ट एका कुत्र्याची — निदान मी स्वतःला तशी सांगत आले.

आमचं घर कवठे महांकाळच्या बाजूला, द्राक्षांच्या मळ्यात. आम्ही जैन. सासरे, म्हणजे अण्णा, फार कडक. चातुर्मासात पाय आपटून चाललेलंही त्यांना खपायचं नाही, खाली किडामुंगी असेल म्हणून. बंड्या त्यांचा कुत्रा. सासूबाई गेल्यावर अण्णा बोलायचे ते बहुतेक त्याच्याशीच. आमच्यात राहून तोही जैन झाला होता — भाकरी, दूध, ताक, आणि तेही दिवस मावळायच्या आत.

धाकटी जाऊ सुनीता मलकापूरची. तिला फुलझाडांचा भारी नाद. त्या पावसाळ्यात गोगलगायींनी तिची रोपं फस्त केली, तेव्हा तिनं दुकानातून गोगलगायीच्या गोळ्या आणून गुपचूप कुंड्यांत टाकल्या. बंड्यानं तोंड घालू नये म्हणून वरून जाळी बांधली. मला तेवढं सांगितलं. मी म्हटलं, अण्णांना कळू देऊ नको. तोवर मी तिच्याच बाजूची होते, बरं का.

एका संध्याकाळी मी सोप्यात बसून घरचे बेदाणे निवडत होते. काळे पडलेले, चिकट झालेले पाटीत काढून ठेवत होते. दिवस मावळायला आला होता, भाकऱ्या अजून व्हायच्या होत्या, आणि बंड्या कुईंकुईं करत मागं लागला होता. अंधार पडला की त्याला उपाशी ठेवायचं, ही घरची रीत. मी काय केलं? उठायचा कंटाळा केला. टाकाऊ बेदाण्यांची पाटी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं ती चाटूनपुसून साफ केली. मला हसू आलं. माणसाला चांगलं ते कुत्र्याला वाईट कशाला असेल?

सकाळी तो ओकला. मीच पुसलं. दुपारी नुसता पडून राहिला. नवरा आणि दीर सांगलीला गेलेले, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना फोन मी लावला. अण्णा शेजारीच उभे होते. डॉक्टरांनी विचारलं, द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेत का? चॉकलेट? बागेत कसलं औषध टाकलंय?

इथं मी नेहमी अडते. — तर. प्रश्न ऐकला आणि मला सगळं कळलं. डॉक्टर बेदाण्यांचं नाव उगीच कशाला घेतील? अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, "बेदाणे न्हाईत खाल्ले. पर जाऊबाईनं गोगलगायीचं औषध टाकलंय."

एक वाक्य खोटं, एक खरं. खऱ्याच्या आडून खोटं खपून गेलं.

डॉक्टर आले, त्यांनी त्या औषधावरचे उपचार सुरू केले. या औषधानं झटके यायला हवेत, याला कसे येत नाहीत, असं पुटपुटले. तेव्हाही सांगता आलं असतं — मी त्यांना चहा दिला. पुढं बंड्याची लघवी बंद झाली. रक्त तपासलं, तर मूत्रपिंडं गेलेली. मी खरं बोलले असते तर तो वाचला असता का? कदाचित. बेदाण्यांनी सगळीच कुत्री मरत नाहीत म्हणे, पण कुठलं मरेल ते आधी कळत नाही. हे मी नंतर मोबाइलवर वाचलं, दार लावून.

अण्णा सुनीताला एवढंच म्हणाले, "मुंगी मारू नगा म्हनत आलो जन्मभर. तू माजं कुत्रं मारलंस." त्यानंतर त्यांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. शेवटच्या आजारपणातही नाही. ती ताट घेऊन आली की ते भिंतीकडं तोंड फिरवायचे, मग ताट मी घ्यायचे आणि त्यांना भरवायचे. थोरली सून गुणाची, असं पाहुणे म्हणायचे. मला ते आवडायचं.

ती मला म्हणाली होती, "आक्का, जाळी तशीच हाय वो. बघा तरी." मी बघितलं. जाळी तशीच होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, "आसू दे. चुकतं माणसाचं." तिच्यावर आळ मीच घेतला आणि वर माफही मीच केलं! तिनं माझे पाय धरले. क्षमावाणीला आमच्यात एकमेकांची क्षमा मागतात. मी दर वर्षी तिचीही मागते, सगळ्यांची मागते तशीच.

ती आता सांगलीला वेगळी राहते. गेल्या महिन्यात तिच्या लेकीनं पिल्लू आणलं. मी बेदाणे घेऊन गेले होते. पिल्लू पायात घुटमळायला लागलं, तसं सुनीतानं चार दाणे हातात घेतले. मी तिचं मनगट धरलं.

"नको. कुत्र्याला चालत न्हाईत."

"व्हय? कवा कळलं तुमाला?"

"हल्लीच."

तिनं दाणे परत पिशवीत टाकले. म्हणाली, "बरं झालं सांगितलंसा, आक्का. न्हाईतर माझ्या हातनं आनखी एक गेलं असतं."

मी "व्हय" म्हटलं.