कुऱ्हाड खाल्लेली सायकल

"हात तोडून टाकीन." हे दादांचं स्वागत होतं. मोहाडीतल्या त्यांच्या अंगणात आम्ही जुन्या सायकलींचे चार-पाच वेडे रविवारी जमायचो. कुणी चुकीचा पाना उचलला की हे वाक्य यायचं. पुष्कळदा वाक्याआधी हातातला पानाच यायचा. माझ्या कपाळावरची खूण तिथलीच. अशा तापट माणसाकडे तुम्ही दुसऱ्यांदा गेला नसता. आम्ही जायचो, ते त्या सायकलीपायी.

सायकल होती जुनी, विलायती. दांडा मधोमध तुटलेला, पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेला.

"कशी तुटली, दादा?" मी एकदा विचारलं.

"मीच तोडली. कुऱ्हाडीनं."

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमाराची गोष्ट. धानाच्या रोवणीचे दिवस, तलावाच्या पाण्याची यांच्या घरची पाळी. ती सोडून यांचा धाकटा भाऊ याच सायकलवर बाजारात गेला आणि पाणी दुसऱ्याच्या शेतातल्या बांधीत गेलं. तो परतला तेव्हा यांनी त्याच्या डोक्यावर कुऱ्हाड उगारली. त्यानं सायकल आडवी धरली आणि घाव तिच्यावर बसला. मग सायकल तिथंच टाकून तो नाकाडोंगरीला निघून गेला आणि यांच्याशी पुन्हा बोलला नाही.

"सायकल नसती त मेला असता," ते म्हणाले. "आता चालती करून त्याले देतो. मंग बोलंल."

आमच्यातल्या एकानं साकोलीच्या भंगारातून चिमटा शोधला, दुसऱ्यानं पितळ वितळवून दांडा सांधला. शिव्या आणि थपडा सगळ्यांच्या वाट्याला आल्या. शेवटी सायकल चालली. ते तिच्यावर पुढे, आम्ही आमच्या सायकलींवर मागे, असे नाकाडोंगरीला पोचलो.

भावानं सायकल ओळखली. आत गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला. आम्ही पुढे धावलो तर हे आमच्यावरच ओरडले, "मधात याल त हात तोडून टाकीन."

पहिला घाव पितळेच्या सांध्यावर बसला. मग चिमटा, चाकं, हँडल. दादा हात मागे बांधून उभे होते, गालावरून पाणी वाहत होतं. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी फार माया वाटली. भाऊ अखेरपर्यंत बोलला नाही. आमच्या सायकली टपावर टाकून आम्ही दादांसोबत एसटीनं परतलो.

त्याच हिवाळ्यात ते गेले. रविवारी सवयीनं आम्ही अंगणात जमलो, तर त्यांचा धाकटा भाऊ आला. खांद्यावर पोतं. त्यातले तुकडे त्यानं आमच्यासमोर ओतले.

"त्या दिवशी मले दादालेच मारायचं होतं," तो म्हणाला. "म्हणून हिले मारलं. जोडून द्या."

आमच्यातल्या एकानं पाना उचलला. चुकीचा होता. हात तोडून टाकीन म्हणणारं आता कुणी नव्हतं.