लगद्याची सोयरीक

गडमुडशिंगीकडच्या आमच्या कागद गिरणीत लगद्याच्या टाकीवर एक गृहस्थ होते. मीटर बघायच्या आधी ते कोपरापर्यंत हात लगद्यात घालत, मूठ पिळत आणि बोटांतून गळणारं पाणी बघत. मी रसायनशास्त्राची ताजी पदवी घेऊन आलेली, शहाणपणानं टम्म फुगलेली. मला तो अडाणीपणा वाटे.

उसाच्या चिपाडाचे तंतू पाण्यात सगळे ऋण भाराचे, म्हणून एकमेकांना ढकलतात. त्यांना जवळ आणायला धन भाराचं पॉलिमर पाण्यात विरघळवून घालतात. कागद अजून मजबूत व्हावा म्हणून एकदा मी ते तिप्पट ओतलं. तंतू पुन्हा सुटे झाले, पाणी दुधाळ.

ते बघून गिरणीचे साहेब म्हणाले, "टाकी गटारात सोडा. आणि बाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"थांबा की सायेब," असं म्हणून गृहस्थ माझ्याकडे वळले. "बाई, सोयरीक जुळवाय मध्यस्थ दोन बास. तुम्ही वऱ्हाडाएवढे मध्यस्थ आणलासा. आता तेच एकमेकाला ढकलाय लागल्यात."

त्यांनी पॉलिमर न घातलेला कोरा लगदा थोडा थोडा टाकीत सोडला. तासाभरात पाणी नितळ झालं.

"कसं जमलं?" साहेबांनी विचारलं.

"बाईंना इचारा. बिघडवलंय त्यांनी, त्यास्नी कळाय नगं व्हय?"

मी चाचरत सांगितलं, "जादा झालेलं पॉलिमर कोऱ्या तंतूंनी धरून घेतलं."

साहेब म्हणाले, "उद्या वेळेवर या."

गृहस्थ मात्र हात पुसत म्हणाले, "बराबर हाय. पर लगद्यात हात घातला नाय, म्हणून लई उशिरा कळलं."