उमाकांतभाऊंची डबल बेल

सकाळी भाकरी-दूध कुस्करून उमाकांतभाऊ शिट्ट्या मारत होते, पण भुऱ्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात दार वाजलं. दारात शेजारच्या बेबीबाई, एका हातात पातेलं, दुसऱ्यात पळी. त्यांच्यामागे भुऱ्या, मिशांना पापडांसाठी शिजवलेला ज्वारीचा घाटा लागलेला.

“भाऊ, बिबड्यांना घाटा शे हाऊ! मी पळी झटकस ना झटकस, तं तुम्हना कुत्रा सरळ पातेलामा!” म्हणत त्यांनी पातेल्याच्या काठावर पळी आपटून दाखवली. टक-टक. भुऱ्याने पुन्हा झेप घेतली, घाटा गिळला, ठसकला, आणि सगळं उंबऱ्यावर ओकला.

“दुसऱ्यांदा झालं हे,” भाऊंच्या पत्नी सुनिताबाई आतून म्हणाल्या. “आता परत झालं ना, तर याला सारंगखेड्याला दोधूभाऊंच्या मळ्यात सोडून या.”

उमाकांतभाऊ फडकं घेऊन उंबरा पुसायला बसले. भुऱ्याला ‘टक-टक’ची सवय कुठून लागली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. दोन घंट्या दिल्याशिवाय काही हलत नाही हे अंगात मुरलेलं. म्हणून ते भुऱ्याच्या ताटलीवरही रोज चमच्याने डबल बेल देत आणि वर “आटप, गाडी सुटली!” म्हणत. भुऱ्या श्वास न घेता ताटली साफ करी, तेव्हा यांची छाती फुगे. स्टँडवरच्या थांब्यात आपणही असेच जेवलो, याचा कोण अभिमान!

भाऊंनी भुऱ्याला नेऊन सगळं सांगितलं, तेव्हा गुरांचे डॉक्टर हसले. “भाऊ, त्याला ड्युटी द्या. नाकाला काम असलं की कुत्रं शांत होतं. आणि घाई करू नका.”

भाऊंनी घरातलं आप्पेपात्र पळवलं आणि एकेका खळग्यात थोडी थोडी भाकरी घातली. “माझं आप्पेपात्र!” सुनिताबाई ओरडल्या. “आता रविवारी आप्पे याच्याकडेच मागा.” भुऱ्या मात्र खळग्या-खळग्यात जीभ घालत हळूहळू खाऊ लागला. दुपारी भाऊंनी जुन्या खाकी शर्टात भाकरीचे तुकडे दडवले. भुऱ्याने प्रत्येक खिसा हुंगला, घडी उलटली, कॉलरही सोडली नाही. ‘नोकरीत माझी अशी तपासणी झाली असती तर मी घरी बसलो असतो,’ भाऊ मनाशी म्हणाले. काम संपवून भुऱ्या ओसरीतच झोपला. बेबीबाईंच्या बिबड्या गच्चीवर सुखाने वाळल्या.

रात्री भाऊ ताट घेऊन भुऱ्याशेजारी बसले. म्हटलं, आपणही सावकाश जेवू. पण भुऱ्या अजून मधल्या खळग्यात होता आणि यांचं ताट रिकामं! सवयीने चमचा उचलून त्यांनी ताटावर दोनदा वाजवला.

भुऱ्याचे कान ताठ झाले. त्याच क्षणी स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या. सुनिताबाई गरम भाकरी घेऊन लगबगीने आल्या. त्यांचं स्वतःचं जेवण नेहमीसारखंच अजून राहिलेलं होतं.

भाऊंनी एकदा भुऱ्याकडे पाहिलं, एकदा भाकरीकडे. ‘वा रे कंडक्टर! घरातही गाडीच चालवलीस.’ त्यांनी चमचा लांब सरकवून ठेवला.

“काय झालं? भाकरी नको?”

“हवी. पण तुझंही ताट इथेच घेऊन ये. आपण बरोबर जेवू.”